वर्ष न छापलेल्या जुन्या इंग्रजी बालपुस्तिकेचा काळ कसा ठरवावा

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत इंग्लंडमध्ये मुलांसाठी बोधकथा आणि कवितांच्या असंख्य पुस्तिका निघाल्या. स्वस्त पुस्तिकांवर बहुधा सालच नसते. मग पुस्तकाच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात.

सुरुवात प्रकाशकाच्या नाव-पत्त्यापासून करा, कारण तिथे सगळ्यात जास्त हाती लागते. लंडनचा बालपुस्तकांचा प्रकाशक जॉन हॅरिस याच्या पुस्तकावर 'हॅरिस अँड सन' असेल तर ते १८१९ ते १८२४ मधले. त्याच्याच पुस्तकावर 'ई. न्यूबेरीचे उत्तराधिकारी' (म्हणजे ज्यांचे दुकान त्याने चालवायला घेतले त्या एलिझाबेथ न्यूबेरी) असा उल्लेख असेल तर १८०२ नंतरची सुरुवातीची वर्षे धरा. डार्टन नावाच्या प्रकाशकांची मात्र लंडनमध्ये दोन दुकाने होती. ग्रेसचर्च स्ट्रीटवर वडील आणि भागीदार हार्वी, तर होबर्न हिलवर १८०४ पासून मुलगा. नुसते नाव पाहून ठरवले की इथे हमखास घोटाळा होतो. पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्या.

आता मुद्रकाचे नाव शोधा. तो प्रकाशकापेक्षा वेगळा असू शकतो. १७९९ च्या कायद्याने मुद्रकाला आपले नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक झाले, म्हणून शीर्षकपानाची मागची बाजू आणि शेवटच्या पानाचा तळ दोन्ही बघा. नाव नाही म्हणून पुस्तक त्याआधीचे, असे मात्र ठरत नाही.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांखाली बारीक अक्षरांत तारीख असते. ती पत्रा प्रसिद्ध झाल्याची. तोच पत्रा पुढच्या आवृत्त्यांनाही वापरत, त्यामुळे पुस्तक त्या तारखेच्या आधीचे नाही, एवढेच त्यातून कळते. रेषा फिकट, तुटक दिसल्या तर पत्रा झिजलेला आहे, म्हणजे छपाई उशिराची असण्याचा संभव मोठा. लाकडी ठशांवर तर अजिबात विसंबू नका. एका छापखान्यातून दुसऱ्यात जाऊन ते वर्षानुवर्षे छापले जात.

कागद उजेडासमोर धरा. १७९४ पासून निर्यातीच्या कागदावरची करसवलत मिळवायला जलचिन्हात (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या, उजेडात दिसणाऱ्या खुणेत) साल लागे, त्यामुळे बऱ्याच कागदांत ते सापडते. लहान आकारासाठी मोठा ताव अनेकदा दुमडून कापला जाई, म्हणून साल अर्धवट, पानाच्या कडेला किंवा शिवणीत दडलेले असते. सगळी पाने तपासा. शिवणीपाशी पान जोराने उघडू नका, जुना दोरा तुटतो. जलचिन्हातले साल ही खालची मर्यादा, म्हणजे पुस्तक त्याआधीचे नाही. काही कारखाने जुन्याच सालाचे साचे पुढेही वापरत.

वरची मर्यादा मिळते ती पुस्तक भेट देताना शाईने लिहिलेल्या नोंदीवरून. त्यावर १८२१ असेल तर छपाई त्यानंतरची नाही. ते पान मूळ बांधणीचेच आहे ना, हे आधी बघा. पुन्हा बांधताना दुसऱ्या पुस्तकाचे कोरे पान लावलेले असू शकते.