फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वही कशी लिहायची

दोनशे पानी, शिवलेली वही घ्या. सुटे कागद ओपीडीच्या गर्दीत हरवतात. उजवं पान डॉक्टरांसाठी, डावं पान फक्त तुमचं. ही विभागणी पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर ताप कधी आला होता ते शोधताना तुमच्या मनातलं सगळं इतरांसमोर चाळलं जातं.

पहिल्या पानावर कॅन्सरचा प्रकार, स्टेज, बायोप्सीच्या ब्लॉकचा (गाठीचा तुकडा जपलेल्या मेणाच्या ठोकळ्याचा) नंबर, ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या तपासणीचे निकाल आणि औषधांची अ‍ॅलर्जी लिहा. आणखी जनुकीय तपासणी पुढे करायची ठरली तर त्याच मेणाच्या ठोकळ्यातून काप घेतात. नंबर हाताशी नसेल तर लॅबचे हेलपाटे वाढतात. आधी टीबीची औषधं घेतली असतील तर कधीपासून कधीपर्यंत, तेही नोंदवा. विडी-सिगारेट रोज किती आणि किती वर्षं, हे खरं लिहा. चुलीचा धूरही लिहा. कधीच न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, त्यामुळे ही नोंद म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज असो, मानेवाड्याचं तुकडोजी कॅन्सर रुग्णालय असो की जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, नवा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो.

उजव्या पानावर रोज चारच ओळी पुरतात: दम, दुखणं, ऑक्सिजन आणि ताप. पण ‘दम लागला’ एवढ्यावर थांबू नका. ‘पलंगापासून संडासापर्यंत जाताना दोनदा थांबलो’ असं लिहा. मागच्या आठवड्यात एकदाच थांबला असाल तर फरक डॉक्टरांना लगेच दिसतो. दुखणं 0 (अजिबात नाही) ते 10 (असह्य) मध्ये मांडा. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, नेलपॉलिश काढा. कुलरच्या झोतात बोटं गार पडली असतील तर आकडा चुकीचा येतो. हात चोळून ऊब आणा आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा. तो नेहमीपेक्षा घसरला किंवा 90 च्या खाली गेला तर थांबू नका, फोन करा.

केमो झाल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या तारखांना वहीत आधीच लाल खूण करा. या काळात ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त भरला की रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. आधी पॅरासिटामॉल घेऊन वाट बघणं ही नेहमीची चूक. ताप दबतो, संसर्ग आत वाढत राहतो. खोकल्यातून रक्त आलं तर नुसते धागे की चमचाभर, ते लिहा. चमचाभर किंवा गाठी असतील तर लिहीत बसू नका, निघा.

मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या घरात असतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना उलट्या किंवा जुलाब झाले आणि पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्या दिवसांत किती ग्लास पाणी पोटात टिकलं आणि लघवीचा रंग कसा होता, ही पाचवी ओळ.

डाव्या पानाला नियम नाही. केमोच्या दिवशी सोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे झोप उडते. अनेकांना तेव्हाच शब्द सुचतात. पुढचे दोन-तीन दिवस गळून जायला होतं, तेव्हा एक ओळही पुष्कळ. ‘घाबरलो’ लिहिण्याऐवजी स्कॅनच्या टेबलावर काय ऐकू आलं, सावजीच्या रश्श्याचा वास अचानक कसा नकोसा झाला, ते लिहा. भीती त्यातच उतरते.

पॅक्लिटॅक्सेल किंवा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधांनी बोटं बधिर झाली तर जाड पेन वापरा, किंवा मोबाइलवर बोलून ठेवा. मुलांसाठी, नातवंडांसाठी काही सांगायचं असेल तर ते मात्र आत्ताच, आवाजात रेकॉर्ड करा. छातीतली गाठ स्वरयंत्राच्या नसेवर दाबली की आवाज बसतो, आणि तो परत येईलच असं नाही. एका वेळी तीन-चार मिनिटं बोला, धाप लागली की थांबा. डावी पानं कुणी वाचायची आणि कधी, ते वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहून, सही करून ठेवा.