ट्रकच्या मागं किती चिकटायचं?

गोकुळ शिरगावातनं पुण्याला माल पोचवायला मी पिकअप चालवतो. नवी पोरं विचारत्यात, ट्रकच्या मागं लागलं की डिझेल वाचतंय काय?

वाचतंय, भावा. ट्रक हवा कापतो, आपल्याला वारा कमी लागतो. पण खरा फायदा मिळायला इतकं जवळ जावं लागतं, की ब्रेक मारायला वेळच उरत नाही. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर पळते. ट्रकची मागची बाजू खांबापाशी आली की तीन सेकंद मोजायला लाग: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. त्याआधी तू खांबाशी पोचलास तर मागं सर. पावसात दुप्पट मोज.

उसाच्या हंगामात तर बघायलाच नको. एका रात्री कागलजवळ मी असाच चिकटलेलो. ट्रक सटकन उजवीकडं गेला आणि पुढ्यात बिनदिव्याची ट्रॉली! थोडक्यात वाचलो.

ट्रकचे आरसे दिसत नसतील तर ड्रायव्हरला तूही दिसत नाहीस. ओव्हरटेकला रात्री एकदा डिपर, म्हणजे हेडलाइटची उघडझाप, बास. त्याचा डावा इंडिकेटर म्हणजे 'जा' असं आपण धरतो, पण तो खरंच वळत असला तर? रस्ता स्वतः बघ. पुढं गेल्यावर त्याचे दोन्ही हेडलाइट आरशात दिसल्याशिवाय डावीकडं घुसू नको, भरलेला ट्रक लवकर थांबत नाही.

वाट दिली तर खिडकीतनं हात दाखव. मी तर रामराम घालतो.