पहिली नोकरी, पहिला पगार आणि देवाचा मान

प्रभूमध्ये सगळ्यांना सलाम. आपल्या तरुण संघातल्या बऱ्याच जणींचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंग पूर्ण झालंय आणि आता जॉइनिंग लेटर यायला लागलीत, म्हणून वॉर्डात इतकी वर्षं काढून जे कळलं ते लिहितेय. यश मिळालं की आपण उपासनेत उभं राहून साक्ष देतो, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगतो, ती द्यायलाच पाहिजे, पण माझं स्पष्ट मत आहे की देवाचा मान त्याहून जास्त ड्युटीत होतो, आणि तोसुद्धा कोणी बघत नसताना.

टीपीआर चार्टच घ्या, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता. नाइटला पहाटे सगळा वॉर्ड झोपलेला असतो, डोळे मिटायला लागतात, आणि कुणीतरी म्हणतं अगं काल नॉर्मलच होतं की, मागचेच आकडे उतरव. नाही उतरवायचे. थर्मामीटर लावा, पल्स पूर्ण मिनिटभर मोजा, पोटाकडे बघत श्वास मोजा आणि आलं तेच लिहा, कारण सकाळी डॉक्टर त्या आकड्यांवर औषध बदलणार असतात. बायबलमधला दानीएल गुडघे टेकून प्रार्थना करायचा हे संडे स्कूलपासून पाठ असतं आपल्याला, पण दानीएलच्या पुस्तकात त्याच ६ व्या अध्यायात त्याच्या आधी लिहिलंय की विरोधकांनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि त्यांना काही सापडलंच नाही. ते वचन मला फार प्रिय आहे.

आता पगार. नीतिसूत्रे ३:९ मध्ये प्रथमफळाने परमेश्वराचा सन्मान कर असं आहे, म्हणजे उरलं तर नाही, आधी. बँकेचा मेसेज आला की त्याच दिवशी दशांश (मंडळीत द्यायचा पगाराचा दहावा भाग) बाजूला काढून पाकिटात ठेवा, मग मेसचे पैसे, मग घरी पाठवायचे, मग एज्युकेशन लोनचा हप्ता. ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या पगारावर काढायचा की हातात येतो त्यावर, हे सगळ्याच विचारतात. हातात येतो त्यावरून सुरू करा, वाद घालत बसू नका, आणि पाकिटावर नाव मोठ्ठं लिहायची गरज नाही.

रविवारची ड्युटी लागली तर रडू नका. येशूने शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी, आजारी माणसं बरी केलीत. पाळकांना शिफ्ट सांगून ठेवा, संध्याकाळच्या उपासनेला जा, पण प्रत्येक रविवारची सुट्टी मैत्रिणीच्या गळ्यात ड्युटी घालून घेऊ नका.

साक्षीबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं. "मी प्रार्थना केली म्हणून पास झाले" असं बोलताना, तिसऱ्या बाकावर नापास झालेली मुलगी बसलेली असते आणि तिनेही प्रार्थना केलेली असते, कदाचित उपवाससुद्धा. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून वाचले, आणि थोडंच पुढे, त्याच विश्वासाचे दुसरे तलवारीने मारले गेले. म्हणून माझा निकाल हा माझ्या विश्वासाचा मार्कशीट नाही. उपकार मानताना रात्री जागून प्रॅक्टिकल शिकवलेल्या ट्युटर मॅडमचं, फी भरायला गळ्यातलं मोडलेल्या आईचं नाव घ्या, देवाने त्यांच्याच हातून दिलंय ना.

आणि हुशारीचं काय करायचं ते पंडिता रमाबाईंकडे बघा. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी पंडिता, सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, तिने केडगावला मुक्ती मिशनमध्ये निराधार बायका-मुलींना शिकवलं, कामाला लावलं, आणि साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, तेही आयुष्याच्या शेवटापर्यंत, १९२२ पर्यंत राबून. तुम्ही निदान तुमच्या मंडळीतल्या बारावीच्या मुलींना नर्सिंगचा फॉर्म भरायला बसवा. कास्ट सर्टिफिकेट, डोमिसाइल, गॅप असेल तर अॅफिडेव्हिट, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि ऐन वेळी अॅडमिशन जातं. सुट्टीला गावी याल तेव्हा उपासनेनंतर तासभर थांबलात तरी पुष्कळ होईल, आणि ओरिजिनल कागदांचे झेरॉक्स दोन-दोन सेट करून ठेवायला सांगा.