ऐरोलीत नव्याने येणाऱ्या आपल्याकडच्यांसाठी

विदर्भ-मराठवाड्यातली पोरं नोकरीसाठी ऐरोली, रबाळे, घणसोलीत येतात, त्यांना मी आधी कोरडी कामं सांगतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करूनच घ्या. पत्त्याचा पुरावा म्हणून जिथे तिथे तोच मागतात. दलालाचे पैसे बाजूला काढून ठेवा. ठाण्याहून येणारी लोकल तुर्भ्यापुढे वाशीकडे किंवा पनवेलकडे वळते, तेव्हा पाटी बघून चढा. बाकीचं महिनाभरात आपोआप जमतं.

न जमणारी गोष्ट वेगळीच. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार, "तुमच्याकडे ऊन फार ना?" हसून सोडून देऊ नका. मी बुलढाणा जिल्ह्यातला, मी लोणारच्या विवराचा विषय काढतो. उल्का आदळून काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, झालेली विवरं जगात मोजकी; त्यांतलं हे सगळ्यात नावाजलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद. तळातलं पाणी खारट आणि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा लोकांनी नाही नाही ते तर्क केले. निघाले खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव आलं.

आता खरी गंमत. २०२२ मध्ये तोच दर्जा ठाणे खाडीलाही मिळाला. म्हणजे गावाकडचं पाणी आणि इथलं हे चिखलाचं, वासाचं पाणी एकाच यादीत! हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने बघून या. बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी विचारून जा.

जीडीपीचे आकडे फेकू नका, त्याने कुणी भारावत नाही. त्यापेक्षा रोजगार हमीचं सांगा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. १९७७ साली महाराष्ट्राने कामाची हमी कायद्यातच घातली. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. हे मुंबईत जन्मलेल्यांनाही ठाऊक नसतं.

इथलंही थोडं पदरात घ्या. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर १०६० चं. ठाण्याला गाडी बदलली की लोकलने जाता येतं. शिखर पडलेलं आहे, पण बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं निवांत बघा. महाशिवरात्रीला मात्र नको, मुंगी शिरायला जागा नसते.

दिवाळीचं तिकीट साठ दिवस आधी, सकाळी आठलाच काढायला बसा. शेगाव-मलकापूरवाल्यांना ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेस. लोणार-मेहकरकडच्यांनी देवगिरीने जालना गाठावं, पुढे एसटी आहेच.