अ‍ॅनिमल हाउसमध्ये काम करताय? या चुका टाळा

उंदीर चावला की प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये धावपळ होते. कोणी अँटिसेप्टिक आणतं, कोणी टीटीचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारतं. तोच माणूस रोज पिंजरे बदलताना सटासट शिंकत असेल, तर ‘धुळीची अ‍ॅलर्जी असेल’ म्हणून सगळे मोकळे. खरं तर या कामात कितीतरी जास्त लोकांना त्रास होतो तो उंदराच्या दातांमुळे नव्हे, मुतामुळे.

माइस (छोटे उंदीर) आणि रॅट (मोठे उंदीर) या दोघांच्याही मुतात अ‍ॅलर्जी घडवणारी प्रथिनं असतात. माइसमध्ये तर नर ती मादीपेक्षा बरीच जास्त टाकतात. मूत पिंजऱ्यात अंथरलेल्या भुशात वाळतं, भुसा हलवला की ती प्रथिनं बारीक धुळीबरोबर उडतात आणि श्वासातून आत जातात. अमेरिकेच्या नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार प्राणी हाताळणाऱ्यांपैकी साधारण ३३ टक्के लोकांना अ‍ॅलर्जीची लक्षणं दिसतात आणि १० टक्क्यांच्या आसपास लोकांना दम्याची. बहुतेकांचा त्रास पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू होतो, म्हणजे नेमका पीएचडी ऐन रंगात आलेली असते तेव्हा.

म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सकाळी सेट्रिझिनची गोळी घेऊन कामाला लागणं. नाक गप्प बसतं, पण धूळ आत जातच राहते आणि काहींच्या बाबतीत प्रकरण नाकावरून छातीवर जातं. दिवाळीच्या सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर परतल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा डोळे चुरचुरतात, रात्री खोकला येतो, असं होत असेल तर ‘हवा बदलली’ म्हणू नका. कामाचे आणि सुट्टीचे दिवस धरून दोन-तीन आठवडे पीक फ्लो मीटरवर (श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारं छोटं उपकरण) फुंकून आकडे लिहून ठेवा आणि ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. नोकरीला लागतानाच स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, करून घेतली असेल तर तुलना सोपी जाते. बहुतेक ठिकाणी ती कोणी करत नाही, हे वेगळं.

दुसरी चूक निळ्या सर्जिकल मास्कवर विसंबण्याची. तो तुमच्या थुंकीपासून उंदराला वाचवतो. उंदराच्या धुळीपासून तुम्हाला फारसा नाही. एन-९५ लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. दाढी असेल तर कडेने हवा आत येतेच.

हवेशीर बंद पिंजऱ्यांचे महागडे रॅक आले की सगळे निर्धास्त होतात. पण पिंजरा हवा खेचून घेणाऱ्या हुडखाली न उघडता साध्या टेबलावर उघडला, तर त्या खर्चाचा निम्मा फायदा तिथेच गेला. त्याहून वाईट जागा म्हणजे वापरलेला भुसा ओतण्याची. हवा खेचून घेणारं डम्पिंग स्टेशन नसेल तर भुसा आधी हलका ओलसर करा, दार लावा, एन-९५ घाला. हे काम बहुधा कंत्राटी अटेंडंट करतो आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्याचंच नाव नसतं. प्राण्याला किती वेदना होतील याचा हिशेब नैतिकता समितीच्या फॉर्ममध्ये नीट मांडलेला असतो, आणि तसा असायलाच हवा. पण भुसा ओतणाऱ्याचा रकाना मला अजून कुठल्या फॉर्मात दिसलेला नाही.

अ‍ॅप्रन घरी धुवायला नेऊ नका. कपड्यांबरोबर ती प्रथिनंही घरी जातात आणि तिथे कोणी दम्याचं असेल तर त्याचे हाल.

आता चावण्याबद्दल. जखम लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, रजिस्टरमध्ये नोंद करा आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना ‘मी रॅटबरोबर काम करतो, अमुक दिवशी चावला होता’ हे आपणहून सांगा. रॅट बाइट फीव्हरमध्ये ताप, सांधेदुखी आणि पुरळ येते. आपल्याकडे पावसाळ्यात हे ऐकून कुणीही आधी चिकुनगुनियाच म्हणेल. हा आजार पेनिसिलिनने बरा होतो, पण त्यासाठी तो आधी सुचावा लागतो. नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये त्याचा जंतू सहज वाढत नाही, म्हणून लॅबलाही आधी कल्पना द्यावी लागते.

माकडांच्या विभागात डोळे उघडे ठेवून, म्हणजे गॉगल न लावता, जाऊ नका. मकाक जातीच्या माकडांमध्ये बी विषाणू असतो, जो माणसाला झाला तर जीवघेणा ठरू शकतो, आणि माकड वरून ठणठणीत दिसतं. १९९७ मध्ये अटलांटाजवळच्या यर्कीज या माकडांवरच्या संशोधन केंद्रात २२ वर्षांच्या एलिझाबेथ ग्रिफिनच्या डोळ्यात पिंजऱ्यातल्या माकडाकडून काहीतरी उडालं. चावा नाही, ओरखडा नाही. सहा आठवड्यांत ती गेली. असं काही उडालं तर फोन नंतर, आधी डोळा वाहत्या पाण्याखाली, तोही पूर्ण १५ मिनिटं. त्यानंतर ताबडतोब डॉक्टर, कारण विषाणूविरोधी औषध लवकर सुरू होणं महत्त्वाचं.

आणि ओळखीतून स्वस्तात मिळतात म्हणून प्रात्यक्षिकासाठी बिनतपासणीच्या शेळ्या आणू नका. चीनमधल्या हार्बिनच्या कृषी विद्यापीठात २०१० मध्ये अशाच चार शेळ्यांमुळे २७ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा, ब्रुसेला जंतूंमुळे होणारा तापाचा आजार झाला. शेळी गाडीतून उतरवण्याआधी ब्रुसेलाच्या तपासणीचा कागद मागा. नसेल तर गाडी परत पाठवा.