उतारावर पाडलेलं झाड कापताना

गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात मालकी रानातली तोड शिकायला येणाऱ्या पोरांना लाकूड कापायचं मशीन (चेनसॉ) चालवायला येतं, असं धरून लिहितो. दोनच गोष्टी आधी सांगतो. तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मशीन चालू करू नका. "कागद येतोय" या मुकादमाच्या शब्दावर तर मुळीच नाही. दुसरं, धार. 0.325 इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप) चेनला 4.8 मिमीची गोल कानस, 3/8 इंचाच्या साध्या चेनला 5.2 ची. जाड कीस पडतोय तोवर ठीक. पीठ पडायला लागलं की थांबा आणि धार लावा. बोथट चेनवर माणूस अंगाचा भार टाकतो, आणि उतारावर अंगाचा भार पुढं गेला की पाय सुटतो.

पाडताना झाड सरळ खाली उताराला टाकायचं नाही. शेंड्याला पडायला जास्त अंतर मिळतं, वेग वाढतो, दगडावर आपटून लाकूड चिरतं आणि शिवाय खाली घसरत जातं. आडवं, किंचित चढाकडं टाका. 50 सेंमीच्या बुंध्याला पडायच्या अंगाची खाच 10 ते 12 सेंमी खोल, मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा 3-5 सेंमी वर, आणि मध्ये 5 सेंमी लाकूड बिजागरासारखं शिल्लक. पळायची वाट आधीच साफ करा, मागं तिरकी आणि चढाच्या अंगाला. कामाच्या खालच्या उतारावर एकही माणूस नको. खाली पाणंद असेल तर दोन्ही टोकांना माणूस उभा करा.

इथपर्यंत बहुतेक जण नीट करतात. फसगत होते ती झाड आडवं झाल्यावर, सगळे हुश्श करतात तेव्हा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मला हे कळायला फार उशीर लागला, आणि कुणी नीट सांगितलंही नाही.

आडवं पडलेलं खोड जमिनीवर टेकलेलं दिसतं, पण बऱ्याचदा ते खालच्या अंगाच्या दोन-तीन फांद्यांवर तोललेलं असतं. त्या फांद्या म्हणजे टेकू. नवा गडी भराभर सगळ्या फांद्या साफ करत जातो. शेवटचा टेकू सुटला की खोड फिरतं. म्हणून वरच्या अंगाच्या फांद्या आधी, उभं राहायचं चढाच्या बाजूला. खालच्या फांद्यांना हात लावण्याआधी खोड वरच्या बुडख्याला दोरखंडानं बांधा, खाली खुंट्या ठोका.

आता तुकडे पाडणं. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्य अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली: आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. एक टोक लोंबत असेल तर उलट, आधी खालून. चिरेकडं बघत राहा. ती मिटायला लागली की तुम्ही दाबाच्या बाजूला आहात, पाचर तयार ठेवा. उघडायला लागली तर ताणाच्या. ताणलेल्या बाजूला उभं राहायचं नाही, हा नियम सगळे सांगतात.

पण खोड मध्यावर एखाद्या उभ्या झाडाला अडलेलं असेल तर? दोन्ही टोकं खाली ओढली जातात, म्हणजे ताण चढाच्या बाजूला येतो. चढाच्या बाजूला उभं राहा हा एक नियम, ताणाच्या बाजूला राहू नका हा दुसरा. इथं दोन्ही पाळता येत नाहीत. खाली उतरून कापायचं तर खोड अंगावर येतं, वर थांबायचं तर ताणलेलं लाकूड उसळतं. अशा वेळी मध्यावर काप घ्यायचाच नाही. दोन्ही अंगं वर बांधून घ्या आणि मोकळ्या टोकाकडून लहान लहान तुकडे काढत मध्याकडं या. भार कमी होईल तसा बाक सरळ होत जातो. निलगिरीला तर जास्तच जपा, त्या लाकडात मुळातच ताण असतो, काप पडताच टोकं फाटतात.

दिवसाला किती झाडं पाडली यावर फुशारकी मारणाऱ्याकडं शिकू नका. जो काप घेण्याआधी खोडाभोवती फिरून, वाकून खाली बघतो, त्याच्या मागं राहा, मजुरी कमी मिळाली तरी चालेल. घाबरूनही जाऊ नका. दोन-तीन महिन्यांत खोड कुठं तोललंय हे नजरेला कळायला लागतं, हात आपोआप थांबतो.

पाऊस उघडला म्हणून लगेच डोंगरात घुसू नका. कुजक्या पाल्याखाली तांबडी माती कितीतरी दिवस ओली राहते.

आणि मापाचं: साल सोडून मधली गोलाई इंचात घ्या, तिचा चौथा भाग काढून वर्ग करा, फुटातल्या लांबीनं गुणा, 144 नं भागा. 40 इंच गोलाई, 10 फूट लांबी म्हणजे जवळपास 6.94 घनफूट. वखारीत ओंडका उतरण्याआधी हा आकडा तुमच्या वहीत असू द्या.