गाडीचं इंजिन बदलताय? मग इंजिन नंबर, आरसी आणि पॉलिसी तिन्ही जुळवूनच बदला

आमच्या वॅगनआरनं २ लाख ३० हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल खायला सुरुवात केली, हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर आणि कात्रजच्या जुन्या घाटात सेकंड गिअर सोडायलाच तयार नाही. मेकॅनिक म्हणाला इंजिन गेलं, दुसरं टाकू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. त्यानं टाकलंही असतं, पण त्याच्या आदल्या वर्षी माझ्या मावसभावाचं काय झालं ते मी बघितलं होतं. त्यानं असंच दुसरं इंजिन बसवलं, कोणाला काही कळवलं नाही, पुढं हायवेला समोरून ठोकली गेली आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअरनं, म्हणजे इन्शुरन्स कंपनीकडून नुकसान बघायला आलेल्या माणसानं, बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडला. जुळला नाही. चार महिने गाडी वर्कशॉपमध्ये पडून होती आणि शेवटी बिल त्यानं स्वतःच्याच खिशातून भरलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच कळतं, ते पिस्टनच्या रिंगांतून येतंय की वॉल्व्ह सीलमधून ते नाही कळत, आणि वॉल्व्ह सीलचं काम इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. समोर उभं राहून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची तपासणी, करून घ्या. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, एकेका सिलिंडरला गेज लावायचा. जिथं प्रेशर कमी येतं तिथं प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं, प्रेशर वाढलं तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, वाढलं नाही तर दोष वॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधा. दहा मिनिटांचं काम आहे, ज्या गॅरेजवाल्याला ते करायचा कंटाळा येतो त्याच्याकडे इंजिन उतरवू नका.

आता मुद्द्याचं. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावर ठोकलेला असतो, त्याच्या वर बसणाऱ्या हेडवर नाही. म्हणजे तुम्ही ब्लॉक तोच ठेवून रिंग, पिस्टन, बेअरिंग बदलले, क्रँक पॉलिश केला, हेडचं काम केलं तर नंबर तोच राहतो, आरसी तीच, पॉलिसी तीच, आरटीओत जायचं कामच नाही, फक्त बिल जपून ठेवायचं. माझं स्पष्ट मत आहे की ब्लॉक धड असेल आणि त्या इंजिनाला ओव्हरसाईझ (थोडे मोठ्या मापाचे) पिस्टन मिळत असतील तर आधी हाच रस्ता धरा, दहाबारा दिवस जास्त गेले तरी चालतील. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोट फिरवलं तर नखाला अडकतील एवढ्या खोल रेघा होत्या, लेथवाल्यानं बघूनच मान हलवली, म्हणून दुसरं इंजिन घ्यावं लागलं.

दुसरं इंजिन घेताना तेच मेक, तोच टाइप, तेच इंधन. ९९८ सीसीच्या जागी ११९७ चं बसतंय, पिकअप भारी मिळेल असं कोणी सांगितलं तर नको म्हणा, कारण मग इंजिनच नाही तर आरसीवरची सीसी पण बदलते आणि थर्ड पार्टी प्रीमियमचा स्लॅबसुद्धा. २०२२ च्या दरांप्रमाणे १००० सीसीच्या आतल्या खाजगी कारला २०९४ रुपये आणि १००० ते १५०० ला ३४१६ रुपये. तसंच बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी टप्पा) गाडीत आधीच्या टप्प्याचं जुनं बीएस ३ इंजिन बसवायचा विचारही करू नका.

स्क्रॅप मार्केटमधून, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणाहून इंजिन उचलणार असाल तर आधी कागद, मग पैसे. जीएसटीचं बिल पाहिजे आणि त्यावर इंजिन नंबर लिहिलेला पाहिजे, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची किंवा स्क्रॅपची कॉपी पाहिजे, आणि तो नंबर चोरीच्या गाडीचा नाही ना हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय सुविधेत तपासून त्याची प्रिंट काढून ठेवा. नंबरची जागा घासलेली, खडबडीत किंवा नव्यानं रंगवलेली दिसली तर तिथून निघा. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो, गॅरेजवाला म्हणेल तुमचाच जुना नंबर यावर ठोकून देतो, आरटीओची कटकट नको. ते अजिबात करू देऊ नका, तो सरळ पोलीस केसचा विषय आहे. कंपनीचा नवा ब्लॉक बिननंबराचा आला तरी आधी आरटीओला विचारायचं.

आरटीओचं काम मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. परिवहन पोर्टलवर अल्टरेशन ऑफ व्हेईकल निवडायचं, फी भरायची, इंजिनचं बिल, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी जोडायचं, गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी. हे इंजिन बसवायच्या आधी सुरू करा, परवानगी आधी घ्यायची असते. परवानगी न घेताच इंजिन बदललं गेलं असेल तर कायद्यानं १४ दिवसांत कळवावं लागतं, त्यामुळं ज्यांनी आधीच बसवलंय त्यांनी थांबू नका. नंतर गाडी इन्स्पेक्शनला न्यावी लागते. त्याआधी नंबरची जागा रॉकेलच्या फडक्यानं स्वच्छ पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा म्हणजे नंबरची छाप उमटते, अशा दोनतीन छापा काढून ठेवा, माझ्या फार उपयोगी पडल्या. बहुतेक गाड्यांत ही जागा गिअरबॉक्सच्या जोडाजवळ असते, तिथपर्यंत हात आणि मोबाईलची टॉर्च जेमतेम जाते, म्हणून इंजिन खाली असतानाच फोटो काढा.

इन्शुरन्स कंपनीला फोन नको, मेल करा. काम सुरू करायच्या आधी पहिला मेल: पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, जुना इंजिन नंबर, झीज झाल्यामुळं त्याच मॉडेलचं इंजिन बसवतोय, नवा नंबर अमुक, आरटीओचा अर्ज जोडलाय. आरसीवर नवा नंबर चढला की दुसरा मेल, नवी आरसी आणि बिल जोडून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल केल्याचा कंपनीचा लेखी कागद, मागायची. ते सर्व्हेअर पाठवतील तर पाठवू द्या. एजंट तोंडी म्हणाला झालं तुमचं काम, तर त्यावर विसंबू नका, एन्डॉर्समेंटची पीडीएफ हातात आली पाहिजे. आणि या गडबडीत पॉलिसी संपत तर नाही ना ते बघा, ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो, आणि विना इन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २००० रुपये दंड.

बरेच जण विचारतात, इंजिनाचे पैसे इन्शुरन्समधून मिळतील का. झिजून गेलेल्या इंजिनाचे नाही मिळत, झीज आणि मेकॅनिकल ब्रेकडाऊन पॉलिसीत सरळ वगळलेले असतात. इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन प्रामुख्यानं पाणी शिरून झालेल्या नुकसानीसाठी असतो, २ लाख किलोमीटरच्या झिजेसाठी नाही.

सगळं झाल्यावर डिजीलॉकरमधली आरसी, एन्डॉर्समेंट आणि पेन्सिलची छाप शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं जुळवा. आमचा नंबर के१०बी नं सुरू होतो, एन्डॉर्समेंटमध्ये बी च्या जागी ८ टाईप झाला होता. छापेचा फोटो जोडून मेल केला, चार दिवसांत दुरुस्त होऊन आला. पुढच्या रिन्यूअलला पॉलिसीवर परत जुनाच नंबर छापून आला होता, तोही लगेच त्याच दिवशी बदलून घेतला.